दोन कामांच्या मधल्या दिवसांसाठी गंगाजळी किती असावी?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी ३८ वर्षांचा असून नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मूळ गाव निफाड तालुक्यात. डिप्लोमानंतर अंबडच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि २०१९ पासून पीएलसी (कारखान्यातली यंत्रे चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रामिंग व कमिशनिंगची (यंत्रणा बसवून चालू करून देण्याची) कामे स्वतंत्रपणे, कंत्राटावर घेतो. एक काम तीन ते सहा महिने चालते, मग पुढचे मिळेपर्यंत घरी बसावे लागते. वर्षाला साधारण १४ लाखांची बिले होतात. घरी पत्नी, दोन मुले आणि मधुमेह असलेली आई आहे. पत्नीला शिकवण्यांचे महिन्याला १२ हजार मिळतात. गृहकर्जाचा हप्ता २४ हजार आहे. बचत खात्यात १ लाख ९० हजार आणि एका पतसंस्थेत दीड लाखाची ठेव आहे. नोकरीतला मेहुणा सांगतो की तीन महिन्यांचा खर्च बाजूला असला की पुरे. एक मित्र वर्षभराचा खर्च ठेवायला सांगतो. दुसरा म्हणतो, सिंहस्थामुळे कामांना तोटा नाही, पैसे नुसते ठेवू नकोस, कर्ज फेड. पुढच्या महिन्यात दोन लाख येणार आहेत. ते कर्जात भरू की बाजूला ठेवू, आणि बाजूला म्हणजे नेमके किती? गेल्या वर्षी जेमतेम दीड महिना रिकामा होतो, तरी पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. त्यावरचे पन्नास हजारांचे कर्ज अजून फिटायचे आहे. असे का झाले, हे मला आजही कळलेले नाही.

स. न. वि. वि.

तुमच्या पत्राची शेवटची दोन-तीन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण ‘किती ठेवू’ या प्रश्नाचे उत्तर ‘बांगड्या का गेल्या’ या प्रश्नात दडलेले आहे. पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, हे फार बरे केले. कामाच्या तारखा निळ्या शाईने आणि पैसे जमा झाल्याच्या तारखा लाल शाईने लिहिण्याची तुमची सवय चांगली आहे, फक्त आजवर तुम्ही निळ्या तारखांवरून हिशेब करत आलात आणि घर मात्र लाल तारखांवर चालते.

तुमच्याच पानावरून पाहू. सिन्नरचे काम १८ फेब्रुवारीला संपले आणि चाकणचे ७ एप्रिलला सुरू झाले. मधले दिवस ४८, म्हणजे तुम्ही म्हणता तसा दीड महिना. आता लाल शाई पाहा. सिन्नरचे शेवटचे बिल २५ मार्चला जमा झाले. चाकणचे पहिले बिल महिनाभर काम झाल्यावर, ७ मे रोजी तुम्ही पाठवले. त्यावर ६० दिवसांची उधारी होती आणि वर तीन दिवस उशीर झाला, म्हणून पैसे ९ जुलैला आले. २५ मार्च ते ९ जुलै म्हणजे १०६ दिवस. तुम्ही दीड महिना रिकामे होतात, पण तुमचे घर साडेतीन महिने रिकामे होते, आणि त्यातले तीन महिने तर तुम्ही रोज सकाळी उठून कामावर जात होतात, म्हणून ही ओढ कशाची आहे ते कोणाच्याच लक्षात आले नाही. पत्नीच्या बांगड्या जूनमध्ये गेल्या, शाळेच्या फीच्या वेळी. तेव्हा तुमच्या हाताला काम होते.

मेहुण्यांचा तीन महिन्यांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर आहे. पगारदाराची नोकरी गेली आणि दोन महिन्यांनी दुसरी लागली, तर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस पगार खात्यात येतो. कंत्राटदाराला पहिल्या महिन्याचे काम करून झाल्यावर बिल पाठवायचे असते आणि मग समोरच्याच्या सवडीने थांबायचे असते. म्हणून कोणाचाही ठोकळ आकडा उसना घेऊ नका. दोन कामांमधले रिकामे दिवस, त्यात पहिले बिल पाठवेपर्यंतचे दिवस आणि बिल पाठवल्यापासून पैसे येईपर्यंतचे दिवस मिळवा, आणि जुन्या कामाचे शेवटचे बिल येईपर्यंत गेलेले दिवस वजा करा. तुमच्या बाबतीत ४८ अधिक ३० अधिक ६३ वजा ३५, बरोबर १०६.

हा झाला गेल्या वर्षीचा हिशेब, आणि गेले वर्ष तसे बरे होते. गंगाजळी बऱ्या वर्षासाठी नसते, म्हणून तुमच्या वहीतला सर्वांत लांब रिकामा काळ घेऊ. २०२० ची टाळेबंदी सोडली तर तो २०२३ मधला आहे, पूर्ण तीन महिने. त्यात पहिल्या बिलाचे तीन महिने मिळवले की सहा होतात. शेवटच्या बिलाचा एक महिना वजा करता आला असता, पण तो करू नका असेच मी सांगेन. काम संपल्यावरचे बिल हेच सर्वांत जास्त अडते. तुम्ही तिथून निघालेले असता, फाइल कोणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडलेली असते आणि ती पुढे ढकलायला तुम्ही रोज समोर उभे नसता. सिन्नरच्या कामातली दहा टक्के रक्कम, ६५ हजार, अजून तुमच्या हाती आलेली नाही, एवढा पुरावा पुरे. तेव्हा तुमच्यासाठी सहा महिने.

सहा महिने कशाचे, तेही नीट ठरवायला हवे. तुमचा नेहमीचा खर्च ७२ हजार आहे. त्यातले हॉटेल, कपडे, सहली आणि देणेघेणे काढून मी जे उरते ते मांडले: गृहकर्जाचा हप्ता २४ हजार, किराणा-दूध-भाजी-गॅस १४ हजार, शाळेची फी आणि व्हॅन ९ हजार, आईची औषधे ४ हजार, वीज-फोन-सोसायटीचा मेंटेनन्स ५ हजार, पेट्रोल ३ हजार आणि विम्याच्या हप्त्यांचा महिन्याचा वाटा ४ हजार. एकूण ६३ हजार. यातून पत्नीचे १२ हजार वजा करण्याचा मोह होईल, पण शिकवण्या एप्रिल-मेमध्ये बंद असतात आणि तुमची गेल्या वर्षीची ओढ नेमकी त्याच महिन्यांत आली होती. ते पैसे हिशेबाबाहेरच राहू द्या. विम्याचे हप्ते मात्र यादीतून कधीही काढू नका. हाती काम नसताना आरोग्य विमा खंडित होऊ देणे ही सर्वांत महाग काटकसर आहे, कारण मुदत आणि सवलतीचे दिवस उलटून पॉलिसी बंद पडली, तर नव्याने घेताना मधुमेहासारख्या जुन्या आजाराची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

६३ हजारांचे सहा महिने म्हणजे ३ लाख ७८ हजार. याशिवाय दोन गोष्टी लागतात, ज्यांचा विचार पगारदाराला करावा लागत नाही. पहिली म्हणजे काम सुरू करण्याचे भांडवल. चाकणला तुम्ही खोली, जेवण आणि प्रवास स्वतःच्या खिशातून केलात आणि ते पैसे बिलासोबत तीन महिन्यांनी परत मिळाले. त्यासाठी आणि ऐन वेळी लॅपटॉपने दगा दिला तर हाताशी असावेत म्हणून ६० हजार धरले आहेत. काम मिळूनही गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणून ते सोडावे लागणे किंवा पडेल दराने घेणे, ही वेळ या धंद्यात अनेकांवर येते. दुसरी गोष्ट म्हणजे आईंच्या दवाखान्यासाठी ५० हजार. विमा असला तरी दाखल करताना अनेकदा अनामत भरावी लागते आणि काही खर्च पॉलिसीच्या बाहेर राहतोच. सगळे मिळून ४ लाख ८८ हजार होतात. पाच लाख धरून चाला.

वर्षभराचा खर्च ठेवा, असे सांगणाऱ्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण तुमच्यासाठी ती रक्कम साडेसात लाखांच्या वर जाते, आणि एवढे पैसे सहज हाताशी दिसू लागले की पाथर्डी फाट्यावरचा प्लॉट किंवा नवी गाडी डोळ्यांसमोर यायला लागते, हे मी माझ्या माहितीतल्या घरांत पाहिले आहे. २०२० सारखा प्रसंग आलाच, तर पीपीएफ आणि सोने ही दुसरी फळी असते. पहिल्या फळीवर तो भार टाकू नये. याउलट, एखादी भाषांतरकार किंवा ग्राफिक डिझायनर आईवडिलांच्या घरी राहत असेल आणि तिच्याकडे पाच-सहा छोटे ग्राहक असतील, तर तिला तीन-चार महिने पुरतील, कारण एक ग्राहक गेला तरी बाकीचे चालू राहतात. तुमच्याकडे एका वेळी एकच ग्राहक असतो. तो संपला की जमा शून्यावर येते.

आता तुमच्याकडे आज काय आहे ते पाहू. बचत खात्यातले १ लाख ९० हजार आणि पतसंस्थेतले दीड लाख मिळून ३ लाख ४० हजार होतात. पतसंस्थेतल्या रकमेबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. बँकेत, मग ती राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो वा नागरी सहकारी असो, प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना, मुद्दल व व्याज धरून, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पूर्वी ही मर्यादा १ लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये वाढली. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. अनेक पतसंस्था वर्षानुवर्षे सचोटीने चाललेल्या आहेत आणि बँक ज्याला दारात उभे करत नाही अशा माणसाला त्यांनी कर्ज दिलेले आहे, हे मी नाकारत नाही. परंतु माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतला एक भाग अशाच एका संस्थेत होता. व्याज एक-दीड टक्का जास्त मिळत होते. एका सोमवारी आई पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून गेली तेव्हा शटर अर्धे खाली होते, आतले दिवे चालू होते आणि पायरीवर चाळीसेक माणसे उभी होती. पैसे पूर्ण बुडाले नाहीत, हप्त्याहप्त्याने सहा वर्षांत परत आले, पण वडिलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते नव्हते. अडचणीसाठी ठेवलेला पैसा अडचणीच्या दिवशी मिळाला नाही, तर त्यावर किती व्याज मिळाले याला काही अर्थ उरत नाही.

पाच लाख कुठे ठेवायचे, हे तुम्हाला गावाकडच्या कांद्याच्या चाळीवरून चटकन समजेल. चाळीत कप्पे पाडलेले असतात. एका कप्प्यात सड लागली तर दुसरा वाचतो आणि गरजेपुरता एकेक कप्पा मोकळा करून माल बाजारात नेता येतो. तसेच करा. दीड महिन्याचा खर्च, साधारण लाखभर, बचत खात्यात असू द्या. उरलेल्या चार लाखांची एकच मोठी मुदत ठेव न करता पन्नास-पन्नास हजारांच्या आठ ठेवी दोन बँकांत करा, म्हणजे मुदतीआधी मोडण्याची वेळ आली तरी एकच मोडेल आणि व्याजातली कपात तेवढ्यावरच बसेल. बँकेत स्वीपची (बचत खात्यातली जादा रक्कम आपोआप ठेवीत वळवण्याची) सोय असेल तर तीही चालेल. लिक्विड फंड या म्युच्युअल फंडाच्या प्रकारातले पैसे साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी हाती येतात, त्यामुळे ज्यांना त्याची सवय आहे त्यांनी दोन महिन्यांचा खर्च तिथे ठेवायला हरकत नाही. मात्र त्याला ठेव विम्याचे संरक्षण नसते, आणि तुम्ही आजवर म्युच्युअल फंड घेतलेला नसेल तर सुरुवात या पैशांनी करू नका. शेअर बाजार या पैशांसाठी नाहीच. सोसायटीतल्या भिशीत पत्नी पैसे भरत असतील तर भरू द्या, पण ती गंगाजळीत मोजू नका, कारण भिशी आपल्या नंबराने लागते, आपल्या गरजेने लागत नाही.

कापला गेलेला टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला प्राप्तिकरही यात मोजू नका. कंपन्या तुमच्या बिलांतून दहा टक्के कापतात, म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजार. अभियांत्रिकीसारख्या ठरावीक व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आहे. ती तुम्हाला लागू होत असेल, तर तुमचे त्यातले उत्पन्न ७ लाख धरले जाईल, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नसल्याने कापलेली बहुतेक रक्कम परत मिळू शकते. डिप्लोमाधारकाला ही सोय कशी लागू होते, हे तुमच्या सीएंना एकदा स्पष्ट विचारा आणि विवरणपत्र शेवटच्या तारखेपर्यंत न थांबता भरा. परतावा आला की घरात घ्या, पण येईपर्यंत तो सरकारकडे आहे, तुमच्याकडे नाही. वर्षाची जमा २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी करावी लागेल, आणि मग बिलात वर लावलेले १८ टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

गृहकर्जाचे म्हणाल, तर दोन लाख त्यात भरल्याने व्याज वाचेल हे खरे आहे, पण त्यामुळे पुढच्या महिन्याचा २४ हजारांचा हप्ता टळत नाही. बँक सहसा मुदत कमी करते, हप्ता तोच राहतो. आणि एकदा भरलेले पैसे, कर्ज ओव्हरड्राफ्ट स्वरूपाचे (भरलेली जादा रक्कम पुन्हा काढता येणारे) नसेल तर, मागून परत मिळत नाहीत. गंगाजळी भरल्यानंतर जे उरेल ते खुशाल कर्जात भरा. तोवर नाही.

सिंहस्थाबद्दल तुमचे मित्र म्हणतात ते निम्मे खरे आहे. २०२७ च्या पर्वण्यांपर्यंत शहरात रस्ते, पाणी, मलनिस्सारण आणि पंपिंगची कामे राहतील आणि तुमच्यासारख्या माणसाला त्यात मागणी असेल. पण सर्वांना एकाच वेळी काम मिळते तेव्हा सर्वांचे काम एकाच वेळी संपतेही, आणि नंतर एकेका कामामागे दहा जण उभे राहतात. शिवाय सरकारी कामाच्या उपकंत्राटात वरच्याला पैसे मिळाल्यावरच खालच्याला मिळतात, त्यामुळे तुमच्या वहीतले ६३ दिवस तिथे सहज दुप्पट होऊ शकतात. ती कामे जरूर घ्या. मात्र त्या काळात गंगाजळी सहाऐवजी आठ महिन्यांची करण्याचा प्रयत्न ठेवा.

गंगाजळी वाढवण्याइतकेच महत्त्वाचे आहे लाल आणि निळ्या तारखांमधले अंतर कमी करणे. तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेली नाही, हे वाचून मला हळहळ वाटली. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास ठरल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि हे तिथल्या लेखा विभागाला पक्के ठाऊक असते. म्हणून नोंदणी पुढचे काम सुरू होण्याआधी करा, कारण ती आधीच्या कामांना सहसा लागू होत नाही, आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. भांडण करायची गरज पडत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस एक सौम्य स्मरणपत्र गेले की मार्चमध्ये बरीच बिले हलतात. नव्या करारात बिल महिन्याऐवजी पंधरवड्याने देण्याची आणि दहा-पंधरा टक्के आगाऊ रकमेची अट मागून पाहा. पंधरवड्याचे बिल मान्य झाले, तर सहा महिन्यांच्या गंगाजळीतला अर्धा महिना, म्हणजे तीस-बत्तीस हजार रुपये, त्या एका ओळीने मोकळे होतात.

यापुढे सर्व जमा एका वेगळ्या खात्यात घ्या आणि तिथून दर महिन्याच्या १ तारखेला घरखर्चाच्या खात्यात ७२ हजार पाठवा, काम असो वा नसो. मोठे बिल आले त्या महिन्यात घराला जास्त मिळू नये आणि रिकाम्या महिन्यात कमी मिळू नये. ही रक्कम आणि गंगाजळीचे सर्व कप्पे कुठे आहेत, हे पत्नीला दाखवा आणि ठेवींवर त्यांचे नाव संयुक्त खातेदार म्हणून घाला. तुम्ही चाकणला असताना आईंना दाखल करावे लागले, तर ठेव मोडायला त्यांना तुमची वाट पाहावी लागू नये. खात्यात ७२ हजार आले तरी खर्च मात्र काम संपल्याच्या दिवसापासून ६३ हजारांवर आणा, तीन आठवडे वाट पाहून नव्हे.

येणाऱ्या दोन लाखांपैकी पन्नास हजार पहिल्याच दिवशी सोनेतारण कर्जात भरून बांगड्या सोडवून आणा, कारण ते व्याज रोज चढते आहे. उरलेले दीड लाख बँकेत तीन ठेवींत टाका. पतसंस्थेतल्या ठेवीची मुदत येत्या २२ तारखेला संपते असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिवशी पावती घेऊन स्वतः जा, मुदतवाढ करायची नाही असे लेखी देऊन पोच घ्या आणि रक्कम थेट बँकेच्या खात्यात मागा. एवढे झाले की तुमच्याजवळ ४ लाख ९० हजार असतील.